रिकाम्या हातानं रानात

“मॅडम, रानात नुसतं बसायचं? मग काम काय करायचं?”

चौथीतल्या एका मुलीनं हे विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. जून २०२३ मधला शनिवार होता, सकाळची शाळा. शाळा उघडून दोनच दिवस झाले होते. चौतीस मुलांना घेऊन मी शाळेमागच्या गायरानात गेले होते आणि मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं, की प्रत्येकानं आपापली एक जागा निवडायची, तिथं दोन मिनिटं गप्प बसायचं, हातात काही घ्यायचं नाही. मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या मुलीच्या प्रश्नात खोडी नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. तिच्यासाठी रान म्हणजे खुरपणं, कापूस वेचणं, शेळ्या वळणं, सरपण आणणं. रिकाम्या हातानं रानात बसलेली बाई तर तिनं कधी पाहिलीच नव्हती.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत. वर मुरमाड माळ, उतारावर सीताफळीची झाडं, खाली ओढ्याच्या कडेनं काळ्या रानाची अरुंद पट्टी. शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. मी स्वतः लातूरकडची. आमच्याकडं वेळ अमावस्या असते, येळवस म्हणतो आम्ही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गाव ओस पडतं आणि रान माणसांनी भरतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, पूजा, भज्जी, आंबील, उंडे आणि मग दुपारभर ज्वारीच्या बांधावर नुसतं लोळणं. वर्षातला तेवढा एकच दिवस आई रानात असूनही तिच्या हातात खुरपं नसायचं. मुलांना रानात नुसतं बसवावं असं माझ्या मनात आलं ते बहुधा तिथूनच.

आणखी एक कारण होतं. राज्याच्या शिक्षण विभागाच्या ‘मित्र’ या ध्यानाच्या उपक्रमातून मला आनापानाची ओळख झालेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं लक्ष ठेवायचं, श्वास बदलायचा नाही, एवढंच. मला स्वतःला त्याचा फार उपयोग झाला. पण वर्गात करून घेताना मी त्याचा परिपाठ करून टाकला होता. पत्र्याखाली उकडतंय, मुलं मांडी घालून डोळे मिटून बसलीत, एक डोळा किलकिला करून शेजाऱ्याला चिमटा काढतायत आणि मी “शांत बसा” म्हणून ओरडतेय. ओरडून शांत बसवलेलं मूल शांत कसं होणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. डी.एड.ला असताना हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या जूनमध्ये ते पहिल्यांदा खऱ्या अर्थानं आठवलं.

पहिला शनिवार पार फसला. दोन मिनिटांत सहा भांडणं झाली, तिघं जण झाडावर चढले, एक जण घरी निघून गेला. दुसऱ्या वेळी मी बसण्याआधी एक छोटं काम दिलं. मूठ मिटायची आणि नवा आवाज ऐकू आला की एक बोट उघडायचं. काम म्हटल्यावर मुलं लगेच तयार झाली. पहिल्यांदा बहुतेकांची दोन-दोन बोटं उघडली, ट्रॅक्टर आणि मोटार. एकदोघांनी कुत्रं धरलं. “बाकी कायच आवाज न्हाई मॅडम.” त्याच वेळी वरच्या लिंबावर होला घुमत होता, सातभाईंचा गलका चालला होता आणि लांब टिटवी ओरडत होती. पण हे आवाज मुलांच्या कानांना इतके सवयीचे होते, की ते आवाज वाटतच नव्हते. तीन-चार आठवड्यांत दोन्ही हात पुरेनासे झाले. एका मुलानं सांगितलं, वाऱ्याचा आवाज लिंबात वेगळा येतो आणि बाभळीत वेगळा. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. खरंच वेगळा होता.

त्या वर्षी मिरग कोरडा गेला. पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला, आर्द्रा लागल्यावर. तोवर रानाला भेगाच भेगा होत्या. मी मुलांना कडब्याचं एकेक धाट दिलं आणि आपल्या जागेजवळची भेग किती खोल आहे ते बघायला सांगितलं. एका भेगेत धाट हातभर गेलं, वर आणखी वीतभर. बांधावरून जाणारे एक म्हातारे बाप्पा थांबून बघत होते. मुलांना म्हणाले, “काळं रान सोताच सोताला नांगरून घेतंय, लेकरांनो. वरली माती भेगंत पडती, पाऊस झाला की रान फुगतं आन् खालची माती वर येती.” मी रात्री पुस्तक काढून बघितलं. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. त्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि तिची खालीवर अशीच उलथापालथ होत राहते. बाप्पांनी शाळेचं तोंड पाहिलं होतं की नाही कोण जाणे, पण मृदाशास्त्रातला एक धडा त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकला होता. पुढच्या शनिवारी मी त्यांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि मुलांमध्ये बसले.

पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिरगाचे किडे निघाले. ओल्या मातीवर लालभडक मखमलीचे ठिपके. मुलांनी ते तळहातावर घेतले, कुणी काडेपेटीत भरले. मी म्हटलं, आज उचलायचा नाही, त्याच्याजवळ पालथं पडून बघायचं. तिसरीतली एक मुलगी, वर्गात जिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता, मातीवर पोट टेकून पडली. हनुवटी दोन्ही हातांवर. किडा तिच्या नाकापासून चार बोटांवर होता. तो चालला की तीही कोपरांवर सरकायची. पाच मिनिटं झाली, बाकीची मुलं उठली, ही उठेना. मग तिथूनच म्हणाली, “मॅडम, ह्याला आठ पाय हायत.”

मी सवयीनं म्हणून गेले, “कीटकाला सहा पाय असतात, नीट मोज.” आदल्या दिवशीच फळ्यावर कीटकाचं चित्र काढून हे शिकवलं होतं.

तिनं पुन्हा मोजले. “आठच हायत.”

मी तिच्याशेजारी आडवी झाले. साडीला चिखल लागला. लाल मखमलीच्या कडेनं पाय हलत होते, तेही लाल, पुढचे दोन जरा चाचपडल्यासारखे पुढं होणारे. मोजले. आठ होते. मिरगाचा किडा कीटक नसतोच. तो कोळी आणि गोचिडाच्या गोतावळ्यातला, मोठा झाल्यावर आठ पायांचा. अख्खं लहानपण मी हे किडे हातावर खेळवले आणि पाय एकदाही मोजले नाहीत. सोमवारी फळ्यावरच्या चित्राशेजारी त्या मुलीनं दुसरं चित्र काढलं. त्या दिवसापासून ती वर्गात बोलायला लागली असं मी म्हणणार नाही, इतक्या सहज तसं होत नसतं. पण कुणी काही ठामपणे सांगितलं की ती आता विचारते, “मोजलंस का?”

मी नावं सांगायची घाई करायचे, हे मला हळूहळू उमजलं. मूल म्हणायचं, निळा पक्षी बघितला. मी लगेच, “तो नीलपंख.” मूल “बरं” म्हणायचं आणि विषय तिथंच संपायचा. मग मी नाव पुढच्या शनिवारपर्यंत राखून ठेवू लागले. तोपर्यंत तो पक्षी कुठं बसतो, उडताना पंख कसे दिसतात, काय खातो, ते बघून यायचं. आठवडाभरात मुलं त्याला स्वतःच नाव द्यायची आणि घरी विचारून गावातलं नावही आणायची. माझं पुस्तकी नाव मग तिसरं यायचं. हा क्रम मला फार आवडतो.

डोळे मिटण्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आवाज ऐकताना मी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे. एक मुलगा कधीच मिटायचा नाही. मला वाटायचं, ऐकत नाही, हट्टी आहे. दोन-तीनदा सगळ्यांसमोर रागावले. एकदा शाळा सुटल्यावर माझ्यामागं चालत आला आणि खाली बघत म्हणाला, “डोळं मिटलं की मला पप्पा दिसत्यात.” त्याच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. कसे गेले, ते मराठवाड्यातल्या वाचकाला मी सांगायला नको. ते तसे पहिल्यांदा दिसले होते ते या लेकरालाच.

माझ्या पोटात गोळा आला. इतक्या दिवसांत मी त्याला काय करायला लावत होते! त्या दिवसानंतर “डोळे मिटा” हे शब्द मी वापरले नाहीत. ज्याला मिटावेसे वाटतात त्यानं मिटावेत, नाहीतर समोरच्या एखाद्या दगडाकडं, मुंग्यांच्या रांगेकडं बघत राहावं. गप्प बसायचं नसेल तर हळू चालावं. त्या मुलानं विहिरीजवळची जागा घेतली, माझ्यापासून दहा पावलांवर. पहिले काही शनिवार मी त्याच्या जवळच बसायचे, काही न बोलता. त्याच्या आईशी बोलले, तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशकाकडं त्याला घेऊन जाण्यासाठी मागं लागले, दोनदा बरोबरही गेले. रानातलं बसणं हे औषध नाही, आणि ज्या मुलाला मदतीची गरज आहे त्याला झाडाखाली बसवून आपण हात झटकायचे नसतात. कुणी शिक्षक हे वाचून आपल्या शाळेत असं काही सुरू करणार असतील तर त्यांना मी हे पहिल्यांदा सांगेन. मुलांना एका जागी शांत बसवलं की आत दाबलेलं वर येतं. ते वर आलं तर आपण तिथं असलं पाहिजे.

त्याच मुलानं सुगरणीची घरटी बघितली. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला ती लोंबत होती. त्या वर्षीचा ऑगस्ट, १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन माना टाकत होतं, गावात दुसरं बोलणंच नव्हतं. मुलांच्या वह्यांत ओळीनं नोंदी आहेत, “ढग आले. गेले.” त्या दिवसांत हा मुलगा विहिरीकाठी बसून पाखरं बघत होता. पाखरू गवताच्या पात्याच्या कडेला चोच मारून खाच पाडतं, तिथं धरतं आणि उडताना पात्याची लांब चीर सोलून नेतं, हे त्यानं मला हातानं करून दाखवलं. विणणारा पिवळ्या डोक्याचा असतो, म्हणजे नर, हेही त्यानंच सांगितलं. एका मुलीनं लगेच निकाल दिला, “मग सुगरण कशाला म्हणायचं? सुगरण्या म्हणा की.” त्याचं सगळं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. घरटी झाडाच्या एकाच अंगाला का? त्यानं ओलं बोट वर धरलं, वारा कुठून येतो ते बघितलं आणि म्हणाला, “वारं तिकडून येतंय. झाड आडोशाला धरलंय त्यांनी.” सुगरण बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेकडं घरटी बांधते, नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याकडं पाठ करून. पक्षीअभ्यासकांनी हे नोंदवून ठेवलंय. त्याला ते बोट ओलं करून कळलं.

हे सगळं सुरळीत चाललं असं नाही. एका मुलाच्या पापणीवर गांधीलमाशी चावली, डोळा झाकला जाईल एवढी सूज आली, आणि त्याची आई शाळेत येऊन जे बोलली त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं. आधी जागा नीट तपासायला हवी होती. तीन आठवडे आम्ही बाहेर गेलो नाही. मग नियम केले. पायात बूट-चप्पल असल्याशिवाय कुणी यायचं नाही. आधी मी आणि सर काठी आपटत फिरून जागा बघणार, फांद्यांवरही नजर टाकणार. दगड उलटायचा नाही, बिळात हात घालायचा नाही, कारण आमच्या माळावर विंचू आहेत, फुरसंही आहे. गडगडायला लागलं की झाडाखाली थांबायचं नाही, सरळ वर्गात. मार्चनंतर आठच्या आत परत. आणि प्रत्येक मूल माझ्या नजरेच्या टप्प्यात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक पालक उठून म्हणाले, “मॅडम, पोरं जन्मल्यापासून रानातच हायत. त्यायला रान दाखवायला शाळा कशाला पायजे? तुम्ही इंग्रजी शिकवा.” बैठकीत हसू पिकलं. मला हसू आलं नाही, कारण ते अर्धं खरं बोलत होते. शहरातल्या मुलाला झाड दाखवावं लागतं. आमच्या मुलांना झाड माहीत आहे, शेंग कधी पडते, कोणत्या पाल्यानं शेळी आटते, तेही माहीत आहे. त्यांना मिळत नाही ती उसंत. आई-बापांनाही मिळत नाही, मग मुलांना कुठून मिळणार? मी त्यांना एवढंच म्हटलं, दादा, एका शनिवारी या आणि पोरगं काय लिहितंय ते बघा. ते आले. मुलाची वही शेवटपर्यंत वाचली, परत दिली आणि काही न बोलता गेले. पुढच्या बैठकीत त्यांनी विरोध केला नाही. इंग्रजीचा आग्रह मात्र सोडला नाही, आणि तो त्यांचा हक्कच आहे. २०२४ मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी वेगवेगळ्या उपक्रमांतून शिकणं, सुरू झालं तेव्हा कागदोपत्री माझी वाट सोपी झाली. तोवर गावानंच ती सोपी केलेली होती.

दिवाळीपर्यंत दोन मिनिटांची बारा मिनिटं झाली होती. उठायची खूण म्हणून एका मुलानं बैलाच्या गळ्यातला घुंगूर आणून दिला, तोच वाजवायचो. मग ऊसतोडीचा हंगाम आला, कोयता हलायला लागला. मुकादमाच्या गाड्या आल्या, भांडीकुंडी, ताडपत्री, कोंबड्या चढल्या. हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळं काही मुलं आजीजवळ थांबली. बाकीची गेली. पहिल्या दिवशी “काम काय करायचं” विचारणारी ती मुलगीही गेली, कारण फडात धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी लागतं. जायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली आणि तिनं वही माझ्या हातात दिली. “माझ्या बाभळीचं कोणतरी लिवा.”

चौतीसपैकी एकोणीस मुलं उरली. आम्ही ठरवलं, रिकाम्या जागांवर पाळीपाळीनं बसायचं आणि ज्याची जागा त्याच्या वहीत एक ओळ लिहायची. तिच्या वहीतल्या ओळी माझ्यासमोर आहेत. “आज तुझ्या बाभळीवर कोतवाल बसला. त्यानं टोळ खाल्ला.” “थंडी होती. डिंकाचा खडा सापडला, मी घेतला नाही, तिथंच हाय.” “आज कायच झालं न्हाई. ऊन चांगलं होतं.” “पळस फुलला, तुझ्या जागेवरून दिसतोय.” “घोरपडीचं पिलू. खरंच. सरांनीबी बघितलं.”

पाडव्याच्या चार दिवस आधी गाड्या परत आल्या. ती मुलगी काळवंडली होती, उंच झाली होती, हातावर उसाच्या पात्यानं कापल्याचे वळ होते. शाळेत आली, वही मागून घेतली आणि व्हरांड्यात बसून बोट फिरवत सगळी वाचली. मग मला विचारून गायरानात गेली. मी खिडकीतून बघत होते, थोड्या वेळानं मागं गेले. ती बाभळीला पाठ टेकून बसली होती. आधी डिंकाचा खडा शोधून झाला होता, तो मुठीत होता.

तेवढ्यात तिची आजी शेळ्या घेऊन आली. नातीला तिथं बघून थांबली.

“काय करायलीस गं हितं?”

“काय न्हाई,” ती म्हणाली. “बस की, आज्जे.”

आजीनं माझ्याकडं बघितलं, शेळ्यांकडं बघितलं. मग काठी आडवी ठेवली, पदरानं घाम पुसला आणि नातीला लागून बसली. बाभळीखाली शेंगा पडल्या होत्या. शेळ्या तिकडं वळल्या.